औषध देणाऱ्या हाताची पारख

वैद्याची पारख करण्याची आपल्या समाजाला फार जुनी सवय आहे. अमक्याच्या हाताला गुण आहे, तमक्याचे निदान अचूक आहे, असे आपण सहज बोलून जातो. औषधाचीही पारख आपण आपल्या परीने करतो. कडू असले तर जालीम म्हणतो आणि महाग असले तर चांगले समजतो. परंतु वैद्य आणि रोगी या दोघांच्या मध्ये आणखी एक मनुष्य उभा असतो. वैद्याने लिहिलेली चिठ्ठी वाचणारा, गोळ्या मोजणारा, कोणती जेवणाआधी आणि कोणती नंतर हे सांगणारा असा तो मनुष्य. त्याच्या कामाची पारख कशी करावयाची, हा प्रश्न आपल्या मनात क्वचितच येतो. तो प्रश्न इतिहासात कसकसा उभा राहिला आणि आज त्याला कोणती उत्तरे मिळत आहेत, हे पाहण्याचा आम्ही येथे प्रयत्न करणार आहोत.

विषय रुक्ष वाटेल, हे आम्ही जाणून आहोत. पण ज्या घरात एक तरी वडीलधारे माणूस रोज चार-पाच गोळ्या घेत आहे, त्या घराला हा विषय परका नाही. आणि आज असे घर नसलेली आळी ओझरातच काय, पण अवघ्या महाराष्ट्रात सापडणे कठीण आहे.

प्रथम आपल्या घरचेच पाहू. चरकसंहितेने चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. यातील उपस्थाता म्हणजे रुग्णाजवळ राहून उपचार घडवून आणणारा. विशेष हा की, ग्रंथकाराने नुसती नावे सांगून विषय सोडलेला नाही; प्रत्येक पादाचे चार-चार गुणही दिले आहेत. उपस्थात्याचे गुण म्हणजे उपचारांचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी ममत्व आणि शुचिता. माणसाच्या कामाचे मूल्य ठरविण्याचा हा एक तक्ताच होय. आजच्या परीक्षकांच्या हाती असलेले तक्ते पाहिले, तर ज्ञान, कौशल्य, वर्तन आणि शिस्त हीच चार कलमे निराळ्या नावांनी त्यांत आढळतात. मात्र गुण सांगणे वेगळे आणि गुण मोजणे वेगळे. तो तक्ता भरावा कोणी आणि कसा, हे चरकाने सांगितले नाही. कौटिल्याने अर्थशास्त्रात दुसरे टोक धरले. वैद्याच्या हयगयीने रोगी दगावला तर दंड किती, हे त्याने ठरवून दिले. म्हणजे एका बाजूला आदर्श आणि दुसऱ्या बाजूला शिक्षा. रोजच्या कामाची पारख मधल्यामध्ये राहून गेली.

युरोपात तेराव्या शतकात सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकने वैद्य आणि औषधविक्रेता यांचे धंदे कायद्याने वेगळे केले. वैद्याने औषधाच्या दुकानात भागीदारी करू नये आणि दुकानावर देखरेख असावी, असा त्याचा दंडक होता. आपल्याकडे या पद्धतीचे शिक्षण प्रथम आले ते पोर्तुगिजांच्या गोव्यात. पणजीच्या वैद्यकीय विद्यालयात १८४२ पासून औषधशास्त्राचे शिक्षण मिळू लागले. इंग्रजी मुलखात मात्र बराच काळ कंपाउंडरचे राज्य होते.

हा कंपाउंडर जुन्या पिढीच्या लोकांना चांगला आठवत असेल. दवाखान्याच्या खिडकीआड तो उभा असे. बाटली आपण घरून न्यावयाची; तो मिक्श्चर भरून बाटलीवर कागदाची कातरलेली पट्टी डकवी, आणि एकेका दातऱ्याइतका डोस आपण दिवसातून तीन वेळा घ्यावयाचा. पुड्या बांधण्यात त्याची बोटे विलक्षण चपळ असत. त्याचे शिक्षण काय, हे कोणी विचारीत नसे. डॉक्टरांचा त्याच्यावर विश्वास आहे, एवढी पारख लोकांना पुरेशी होती. त्यांतले कित्येक खरोखरच निष्णात होते, यात शंका नाही. पण निष्णात कोण आणि केवळ सराईत कोण, हे ओळखण्याचे साधन मात्र समाजापाशी नव्हते.

या उणिवेकडे सरकारचे लक्ष प्रथम नीट गेले ते १९३० साली. त्या वर्षी कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली औषध चौकशी समिती नेमण्यात आली आणि पुढल्या वर्षी तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. भेसळीची औषधे बाजारात मुक्तपणे विकली जात आहेत आणि ती देणाऱ्यांना शिक्षणाचे बंधन नाही, असे दुहेरी दुखणे समितीने दाखविले. १९३२ साली काशी हिंदू विश्वविद्यालयात प्राध्यापक महादेव लाल श्रॉफ यांच्या प्रयत्नाने औषधशास्त्राच्या विद्यापीठीय शिक्षणाचा पाया घातला गेला. १९४० साली औषधांचा कायदा झाला. आणि स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४८ साली, फार्मसीचा कायदा झाला. पहिला कायदा मालासाठी होता, दुसरा माणसासाठी.

या दुसऱ्या कायद्याची कथा बोधप्रद आहे. पहिली नोंदवही तयार करावयाची तर शिकलेली माणसे देशात थोडी. म्हणून ज्याने रुग्णालयात किंवा दवाखान्यात एकूण पाच वर्षे औषधे बनविण्याचे काम केले आहे, त्याचेही नाव पहिल्या नोंदवहीत घालण्याची सोय कायद्याने ठेविली. म्हणजे आपल्या देशातील औषधज्ञाच्या मूल्यमापनाचे एक आरंभीचे साधन म्हणजे दिनदर्शिका होती! पाच वर्षे भरली की पारख पुरी. नोंद झालेल्याखेरीज इतर कोणी डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून औषध बनवू अगर देऊ नये, असे याच कायद्याच्या ४२ व्या कलमात आहे. परंतु ते कलम लागू करण्याचा दिवस पुढे-पुढे ढकलला जात राहिला आणि १९७६ च्या दुरुस्तीप्रमाणे अखेर १ सप्टेंबर १९८४ रोजी ते सर्वत्र अमलात आले. कायदा होऊन तोवर छत्तीस वर्षे लोटली होती.

यानंतर पारखीची तीन साधने रूढ झाली: परीक्षा, नोंदणी आणि तपासणी. १९९१ च्या शिक्षण-नियमावलीने बारावीनंतर दोन वर्षांचा अभ्यासक्रम आणि ५०० तासांचे प्रत्यक्ष काम आवश्यक केले. त्यातील २५० तास चिठ्ठ्यांवरून औषधे देण्यात जावेत, असे ठरले. नोंदणीचा दाखला भिंतीवर लागला. निरीक्षक येऊन वह्या, बिले आणि शीतपेटी पाहू लागला. ही तिन्ही साधने आवश्यक आहेत, त्यांचे मोल आम्ही कमी करीत नाही. पण ती काय पाहतात, हे नीट ध्यानात घेतले पाहिजे. परीक्षेला कळते, या माणसाला एके दिवशी काय येत होते. दाखल्याला कळते, याचे नाव वहीत आहे. निरीक्षकाला कळते, दुकान व्यवस्थित आहे. आज सकाळी समोर आलेल्या म्हाताऱ्या बाईला त्याने काय सांगितले आणि तिला ते समजले का, हे या तिघांपैकी कोणालाच कळत नाही.

केवळ कागद नीट असले म्हणजे रोगी सुरक्षित राहतो, हा भ्रम किती महाग पडू शकतो, हे मुंबईने १९८६ साली पाहिले. जे. जे. रुग्णालयात त्या वर्षीच्या जानेवारी-फेब्रुवारीत चौदा रोगी दगावले. त्यांना दिलेल्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष मिसळलेले होते. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी केली, तेव्हा खरेदी, साठवण, तपासणी आणि देखरेख या साखळीची जवळजवळ प्रत्येक कडी कच्ची निघाली. प्रत्येकाने दुसऱ्याच्या सहीवर भरवसा ठेविला होता. याच विषाने १९३७ साली अमेरिकेत शंभरावर माणसे गेली होती. आणि याच विषाने २०२५ साली मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधातून वीसहून अधिक बालके गेली. त्यांतील कित्येकांना उपचारासाठी आपल्या नागपूरला आणले होते.

येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. बाटलीतले विष नुसत्या डोळ्यांनी ओळखणे कोणाही औषधज्ञाला शक्य नाही. ते प्रयोगशाळेचे काम. परंतु एकाच औषधानंतर एकाच प्रकारे मूत्रपिंडे बंद पडत आहेत, ही संगती लागते ती रुग्णाच्या खाटेजवळ, कोठाराच्या काउंटरमागे नव्हे. जे. जे. मध्ये ती डॉक्टरांना लागली. औषधे जाणणारा मनुष्य जर कोठारातच बसून राहिला, तर अशी संगती लावण्यात त्याच्या विद्येचा उपयोग तो काय? २०१० साली आपल्या देशात औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारी राष्ट्रीय योजना सुरू झाली. ती यशस्वी व्हावयाची तर खाटेजवळ पाहणारे डोळे हवेत.

औषधज्ञाला कोठारातून काढून रुग्णाजवळ नेण्याचा विचार अमेरिकेत १९६० नंतरच्या दशकात मूळ धरू लागला. सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठीय रुग्णालयात १९६६ साली नवव्या मजल्यावर एक प्रयोग झाला. तेथील औषधज्ञ डॉक्टरांबरोबर वॉर्डात फिरू लागले आणि रुग्णाच्या औषधांविषयी सल्ला देऊ लागले. यातूनच 'क्लिनिकल फार्मासिस्ट' हा नवा व्यवसाय रूपास आला. आपण त्याला रुग्णाजवळचा औषधज्ञ म्हणू. भारतात या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात म्हैसूर आणि उटकमंड येथे सुरू झाले. २००८ साली फार्म. डी. हा सहा वर्षांचा अभ्यासक्रम आला, आणि त्यातले शेवटचे वर्ष रुग्णालयात काढण्याचा नियम झाला. २०१५ च्या व्यवसाय-नियमावलीने रुग्णाला औषधाची माहिती समजावून देणे हे औषधज्ञाचे कर्तव्य ठरविले. नोंदणी टिकविण्यासाठी पाच वर्षांत किमान दोन उजळणी-वर्ग करावेत, असेही सांगितले.

आता मूळ प्रश्न पुढे येतो. या नव्या मनुष्याचे काम चांगले की वाईट, हे ठरवावे कशावरून? कंपाउंडरच्या पुड्या मोजता येत. याच्या हातून तर कोणतीच वस्तू तयार होत नाही.

एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, निफाड तालुक्यातील सत्तरीचे एक बागाईतदार हृदयविकारासाठी रक्त पातळ ठेवणारी गोळी घेत आहेत. गुडघे दुखतात म्हणून दुसऱ्या डॉक्टरांनी त्यांना वेदनाशामक गोळी दिली. दोन्ही गोळ्या आपापल्या जागी योग्य. पण एकत्र घेतल्या तर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. औषधज्ञाने दोन्ही चिठ्ठ्या शेजारी ठेवून पाहिल्या, डॉक्टरांना कळविले, गोळी बदलली गेली. परिणाम काय झाला? काहीच झाले नाही! रक्तस्राव झाला नाही, आजोबा घरी गेले, द्राक्षांच्या छाटणीला उभे राहिले. औषधज्ञाचे उत्तम काम हे असे न घडलेल्या गोष्टींत दडलेले असते. न घडलेले मोजावयाचे कसे, हीच या शास्त्राची खरी अडचण आहे, आणि गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत निर्माण झालेली साधने म्हणजे या अडचणीला दिलेली निरनिराळी उत्तरे होत.

पहिले उत्तर असे की, फळ मोजता येत नसेल तर कृती पाहा. डंडी येथील रोनाल्ड हार्डेन यांनी १९७५ साली वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी एक नवी परीक्षा मांडली. विद्यार्थी एका टेबलावरून दुसऱ्यावर जातो. प्रत्येक ठिकाणी एक ठराविक काम, ठराविक वेळ आणि ठराविक गुणपत्रिका. रोग्याचे सोंग घेतलेल्या माणसाशी त्याला बोलावे लागते. ही पद्धत पुढे औषधज्ञांनीही उचलली. पण जॉर्ज मिलर यांनी १९९० साली एक मार्मिक भेद दाखविला. माहीत असणे, कसे करावे हे माहीत असणे, करून दाखविणे आणि रोज प्रत्यक्ष करणे, या चार चढत्या पायऱ्या आहेत. सोंगाच्या परीक्षेत तिसरी पायरी दिसते. चौथी दिसत नाही. लग्नात वाढणारा हात पंक्तीत पाहुणे असताना वेगळा आणि घरी वेगळा असतो, तसेच हे.

म्हणून इंग्लंडात या शतकाच्या आरंभी कामाच्या जागीच निरीक्षण करण्याचा आराखडा तयार झाला. अनुभवी औषधज्ञ नवख्याबरोबर वॉर्डात फिरतो आणि रुग्णसेवा, अडचणी सोडविण्याची रीत, स्वतःचे वागणे व व्यवस्थापन या चार अंगांनी नोंदी करतो. यातील खुबी अशी की गुण शंभरापैकी द्यावयाचे नसतात. अमुक गोष्ट हा मनुष्य क्वचित करतो, कधी कधी करतो, बहुधा करतो की नेहमी करतो, एवढेच लिहावयाचे असते. चांगुलपणा ही सवय आहे, एक दिवसाचा पराक्रम नव्हे, हे यात ओळखले आहे. आमच्या मते ही फार शहाणपणाची दृष्टी आहे.

दुसरे उत्तर असे की, औषधज्ञाने दिलेल्या प्रत्येक सल्ल्याचे वजन करा. ओव्हरहेज आणि ल्यूक्स या दोघांनी १९९९ साली त्यासाठी जोडतराजू सुचविला. एका पारड्यात मूळ चूक किती गंभीर होती हे पाहावयाचे: प्राणघातक की किरकोळ. दुसऱ्या पारड्यात दिलेला सल्ला किती मोलाचा होता हे पाहावयाचे. दोन्ही वेगळी ठेवण्याचे कारण उघड आहे. चूक भयंकर असली म्हणून सल्ला चांगलाच असतो, असे नाही. या मापाच्या अगदी खालच्या टोकाला 'सल्ल्याने उलट अपायच झाला असता' असेही एक घर आहे. जो तराजू आपल्या धन्याच्या विरुद्धही झुकू शकतो, त्याच्यावरच विश्वास ठेवावा.

पण तराजू धरणारे हात दोन असले तर? एक डॉक्टर म्हणेल, सल्ला अमोल होता. दुसरा म्हणेल, त्यात काय विशेष! याकरिता एकाच नोंदीचे मोल दोघा-तिघांनी एकमेकांना न विचारता ठरवावे आणि त्यांचा मेळ किती बसतो ते पाहावे, अशी रीत आहे. मेळ केवळ योगायोगाने किती बसला असता, तेवढा भाग वजा करण्याचे गणित जेकब कोहेन यांनी १९६० सालीच देऊन ठेविले होते. पंचांचेच एकमत नसेल, तर दोष पैलवानाच्या माथी मारण्यात अर्थ नाही.

तिसरे उत्तर साधे आहे आणि आपल्यासारख्या गावांना सर्वांत जवळचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९३ साली आरोग्यकेंद्रांतील औषधवापर तपासण्यासाठी बारा निर्देशक सांगितले. त्यांतील पाच रुग्णसेवेचे आहेत: तपासण्यास सरासरी वेळ किती लागला, औषध देताना सरासरी वेळ किती दिला, लिहिलेल्यांपैकी किती औषधे प्रत्यक्ष मिळाली, किती पाकिटांवर पुरेशी माहिती लिहिलेली होती, आणि दाराबाहेर पडताना किती रुग्णांना औषध कसे घ्यावयाचे हे बरोबर सांगता आले. यासाठी यंत्र नको, पदवी नको. एक घड्याळ, एक वही आणि दोन प्रामाणिक माणसे पुरेत. पहिल्या दिवशी या वहीत काय उमटेल, हे आम्ही सांगत नाही. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

या साधनांचे गुण सांगितले, तसे दोषही सांगितले पाहिजेत. सल्ल्यांची नुसती संख्या मोजली, तर किरकोळ सल्ल्यांचा पाऊस पडेल. डॉक्टरांनी किती सल्ले मान्य केले एवढेच पाहिले, तर औषधज्ञ डॉक्टरांना रुचेल तेवढेच बोलेल. आणि ज्या वेळी स्पष्ट बोलण्याची खरी गरज, त्याच वेळी गप्प बसेल. चुकांची संख्या कमी असावी असा दंडक घातला आणि मागे शिक्षा ठेविली, तर चुका वॉर्डातून जाणार नाहीत, फक्त वहीतून जातील. ज्या रुग्णालयात एकही चूक नोंदलेली नाही, तेथे फार मोठे पुण्य आहे असे समजण्याऐवजी तेथे वही कोण लिहितो, हे प्रथम विचारावे.

तेव्हा मोजू नये काय? ओझरच्या श्रोत्यांना हा प्रश्न विचारण्याचीही गरज नाही. याच परिसरात वाघाड धरणाच्या कालव्याच्या शेपटाला शेते असलेल्या शेतकऱ्यांना पाणी पोचत नसे. १९९० च्या सुमारास येथील समाज परिवर्तन केंद्राच्या प्रेरणेने पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या आणि त्यांनी पाणी घनमापनाने मोजून घेण्याचे ठरविले. मोजमाप आले आणि शेपटाच्या शेतकऱ्यालाही त्याचा वाटा मिळू लागला. तेथे मोजपट्टी शिक्षेसाठी लावलेली नव्हती, न्यायासाठी लावलेली होती; आणि ती वाचण्याचा अधिकार ज्यांचे पाणी त्यांनाच होता. याच ओझरात १९६४ पासून विमानांचा कारखाना आहे. विमानाच्या धंद्यात काम कोणी केले आणि ते तपासले कोणी, या दोघांच्या सह्या वेगवेगळ्या असतात. त्यात कारागिराला कोणी आपला अपमान मानीत नाही. आपल्या जोडणीवर कोणाचा तरी जीव अवलंबून आहे, हे त्याला ठाऊक असते.

औषधाच्या गोळीवरही जीवच अवलंबून असतो. फक्त ती आभाळात उडत नाही, म्हणून आपले लक्ष जात नाही. आपला देश एका टोकाला जगभर औषधे पुरवितो. दुसऱ्या टोकाला ती औषधे रुग्णाच्या हाती देणारा मनुष्य मात्र अजून पुष्कळ ठिकाणी भिंतीवरच्या दाखल्यापुरता उरला आहे. दाखला एकाचा आणि गल्ल्यावर दुसराच, ही गोष्ट कोणास अपरिचित आहे असे नाही. त्याची पारख व्हावी म्हणणे म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखविणे नव्हे. ज्याचे काम कोणी पाहतच नाही, त्याच्या चांगल्या कामाचीही कोणाला किंमत राहत नाही, आणि शेवटी तो स्वतःच ती करीनासा होतो.

चरकाने सांगितलेले चार गुण आजही तेच आहेत. ते मोजण्याची साधने आता माणसाच्या हाती आली आहेत, पण त्यांचा पहिला वापर कोणी मोठ्या रुग्णालयानेच केला पाहिजे, असे नाही. औषध घेताना क्षणभर थांबून, 'हे कशासाठी, केव्हा घ्यायचे, कशाबरोबर घ्यायचे नाही आणि काय झाले तर बंद करायचे?' एवढे चार प्रश्न आपण सर्वांनी विचारले, तर गावातील प्रत्येक औषधज्ञाची परीक्षा रोजच्या रोज होईल. जो चांगला आहे त्याला ती हवीच असेल.